लाईट गेली, पण ड्रमर थांबला नाही

शनिवारी रात्री बर्मिंगहॅममध्ये, डिगबेथमधल्या एका पबच्या मागच्या खोलीत डूम आणि स्लज मेटलचे, म्हणजे हेवी मेटल रॉकच्या दोन संथ प्रकारांचे, तीन बँड ऐकले. आज सोमवार, आणि डाव्या कानात अजून रातकिडा बसलाय. कानात घालायचे स्पंजचे बोळे बारवर बरणीत फुकट ठेवले होते. मी शहाणा, पहिल्या बँडला घेतले नाहीत.

खोली म्हणजे आपल्याकडच्या टू-बीएचकेचा हॉल, वर बाल्कनी धरा. माणसं साठेक. स्टेज वीतभर उंच. माझ्या शेजारी पांढऱ्या दाढीचे एक आजोबा, बिनबाह्यांच्या डेनिम जॅकेटवर बँडांची ठिगळं शिवलेली. माझा चेहरा बघून म्हणाले, "ऑलराइट, बॅब?" आणि बोळे माझ्या हातावर ठेवले. इथले लोक अनोळखी माणसालाही 'बॅब' म्हणतात, आपण 'बाळा' म्हणतो तसं. चाळिशीत कुणी बाळा म्हटलं की बरं वाटतं.

मेटल म्हटलं की लोकांना सुसाट वेग आठवतो. डूमचं उलट. एक ठोका पडतो, तुम्ही पुढच्याची वाट बघता, तो येत नाही, तुम्ही नाद सोडता, आणि मग तो येतो. स्लज म्हणजे त्याच संथपणात हार्डकोर पंक नावाच्या रागीट रॉकची चिडचिड आणि घसा सोलून ओरडणं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस न्यू ऑर्लिन्समध्ये आयहेटगॉडसारख्या बँडांनी ते जोपासलं. (आता कुणीतरी विलंबित ख्यालाशी नातं जोडेल. कृपया नको. दोन्हीकडची मंडळी रागावतील.)

दुसऱ्या बँडमध्ये गिटारवर एक मुलगी होती. साध्या गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८२ कंपनांनी, वाजते. हिने ती ५५ पर्यंत उतरवलेली. इतकी सैल की झुलताना डोळ्यांना दिसत होती. बेस त्याच्याही एक सप्तक खाली. तो सूर कान ऐकतात की बरगड्या, हे कळेनासं होतं. कुणीतरी अँपवर, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या खोक्यावर, अर्धा ग्लास बियर ठेवली होती. प्रत्येक ठोक्याला तो ग्लास गव्हाच्या दाण्याएवढा कडेकडे सरकत होता. मी आणि आजोबा, दोघांचंही लक्ष त्याच्यावर. शेवटी तिनेच वाजवता वाजवता कोपराने तो आत ढकलला.

मराठी मित्र विचारतात, पैसे देऊन डोकं कशाला दुखवून घेतोस? त्यांना मी भोसरीची गोष्ट सांगतो. बाबा एमआयडीसीत प्रेस शॉपला, म्हणजे धातू दाबणाऱ्या यंत्रांच्या खात्यात होते. सुट्टीत डबा द्यायला जायचो तेव्हा वॉचमन आत सोडायचा नाही, पण फाटकापाशीच चपलेतून कळायचं, आत मोठा प्रेस चालू आहे. प्रत्येक स्ट्रोकला एक धाड्. मग शांतता. मग धाड्. त्या आवाजाला कुणी गोंगाट म्हणायचं नाही, कारण त्यावर घरं चालत होती. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांची दोन बोटं अशाच एका शॉपमध्ये गेली. पुढे त्यांनी पानटपरी टाकली. चुना अंगठ्याने लावायचे, इतका झटपट की गिऱ्हाइकाच्या लक्षातही यायचं नाही.

म्हणून ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याची हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती परदेशातली वाटलीच नाही. याच बर्मिंगहॅममधला १७ वर्षांचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यात नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मशीनने उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैलही सोडल्या. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला. शनिवारी त्या खोलीत जे काही वाजलं, त्याची मुळं तिथे. लोक सैतान शोधत बसतात. मला त्यात पहिल्यापासून शिफ्ट ऐकू येते.

५ जुलै २०२५ ला इथल्या व्हिला पार्क स्टेडियमवर सॅबथचा शेवटचा कार्यक्रम झाला तेव्हा मला तिकीट मिळालं नव्हतं. घरी स्ट्रीमवर बघितला, रडलोही. १७ दिवसांनी त्यांचा गायक ऑझी ऑझबर्न गेला. पण खरं सांगू? स्क्रीनवर त्या आवाजाला वजन नव्हतं. हे संगीत जवळूनच ऐकायचं, भिंतीला पाठ लावून. आणि त्या भिंतीच कमी होत चालल्यात. स्टेशन स्ट्रीटवरचा 'द क्राउन' हा पब, जिथे सॅबथची पोरं सुरुवातीला वाजवायची, २०१४ मध्ये बंद पडला. सॅबथच्या नावाने भित्तिचित्रं, बाक सगळं झालं शहरात. मला विचाराल तर एका बाकापेक्षा एक मागची खोली चालू ठेवा.

तर, तिसरा बँड. दुसऱ्याच गाण्यात फटकन अंधार. मी सवयीने मोठ्यांदा ओरडलो, "लाईट गेली!" अँप मुके. पण ड्रमर थांबला नाही. काळोखात तसाच, तितकाच संथ. मग मागून कुणीतरी तो रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, तोंडाने धरला, आणि बघता बघता साठ माणसं नुसती हुंकारत होती. मी आणि आजोबाही. तीन-चार मिनिटांनी लाईट आली, गिटारवाला घाईघाईत चुकीच्या ठोक्यावर घुसला आणि सगळी खोली हसली, ड्रमर सोडून.

त्या अंधाराचा व्हिडिओ काढला होता. काल फोनवर बाबांना लावून दाखवला.

"काहीच दिसत नाहीये."

"लाईट गेली होती बाबा. आवाज ऐका."

त्यांनी फोन कानाला लावला. मला बराच वेळ फक्त त्यांचा कान दिसत होता.

"स्ट्रोक चुकला नाही कुठे," म्हणाले. "कोण आहे ऑपरेटर?"