छोटा ए राहिला, सुडो गेला

लिनक्सवर एका माणसाला एका ग्रुपमध्ये, म्हणजे परवानग्यांच्या गटात, टाकायचंय. एवढंच काम आहे! मग त्यासाठीची कमांड त्याला आधीच्या सगळ्या ग्रुपमधून हाकलून का देते?

यूजरमॉड म्हणतात या बयेला. तिला कॅपिटल जी हा पर्याय देऊन पुढे 'डॉकर' (कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा ग्रुप) लिहिलं की ती डॉकर जोडत नाही, अख्खी यादीच नव्यानं लिहिते. सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारा ग्रुप), एडीएम, डायलआउट, आधी जे काही होतं ते साफ. जोडायचं असेल तर सोबत छोटा ए द्यायचा. म्हणजे पाहुण्याला खोली हवी म्हणून घरच्यांचं सामान रस्त्यावर फेकायचं, आणि तसं नको असेल तर ते वेगळं सांगायचं! बरं, हे करताना तोंडातून एक शब्द काढेल तर शपथ. 'नक्की का?' नाही, 'अरे, तुझा सुडो जातोय' नाही. एंटर मारला की गपचूप प्रॉम्प्ट परत. (डॉकर ग्रुप देणं म्हणजे जवळपास रूटच, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारच, हातात देणं, तिथेही कोणी हूं की चूं करत नाही. पण तो राग वेगळा.)

आमच्याकडच्या नव्या पोरानं परवा नेमकं हेच केलं, स्वतःच्याच अकाउंटवर. कळलं केव्हा? दुसऱ्या दिवशी. कारण चालू सेशनला जुनेच ग्रुप चिकटलेले असतात, त्यामुळे त्या संध्याकाळी सगळं झकास दिसत होतं. सकाळी लॉगिन केलं तर अ‍ॅडमिनची कामं करून देणारा सुडो म्हणतो, तुझं नाव सुडोअर्समध्ये, म्हणजे अधिकार असलेल्यांच्या यादीत, नाही, अ‍ॅडमिनला कळवतो. कोणाला कळवतोस बाबा? अ‍ॅडमिन तोच आहे! आमच्या उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) रूटचा पासवर्ड मुळात बंद असतो, त्यामुळे तीही वाट नाही. शेवटी क्लाउडवरच्या त्या मशीनची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली आणि ग्रुपच्या फाइलमध्ये हातानं नाव घातलं. सकाळ गेली. आणि वर सीनियर मंडळींचं ठरलेलं कीर्तन: मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) वाचायचं ना!

वाचलं हो. तिथे लिहिलेलंच आहे. पण खड्डा आहे अशी पाटी लावली म्हणजे खड्डा बुजला का?

बरं, यूजरमॉडला आधी ग्रुप द्यायचा, मग यूजर. जीपासडब्ल्यूडी या दुसऱ्या कमांडनं तेच काम करायचं तर आधी यूजर, मग ग्रुप. डेबियन या लिनक्सच्या अ‍ॅडयूजर कमांडलाही आधी यूजरच. कशाला? कोणाचं भलं झालं यातून? आणि नवं अकाउंट उघडणाऱ्या यूजरअ‍ॅड व अ‍ॅडयूजर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे नव्या माणसानं कसं ओळखायचं? रेड हॅट या लिनक्सवर दोन्ही एकच. डेबियनवर मात्र यूजरअ‍ॅडला छोटा एम दिला नाही तर होम डिरेक्टरीच बनत नाही. आणि अ‍ॅडयूजर इतका चौकस की खोली नंबर, ऑफिसचा फोन, घरचा फोन विचारत बसतो. स्थळ बघायला आलायस का रे? जिथे विचारायला हवं तिथे मात्र मौनव्रत.

सगळ्यात डोकं फिरवतं ते 'लॉक'. माणूस नोकरी सोडून गेला, एचआरचं तिकीट आलं, पासडब्ल्यूडी या पासवर्डच्या कमांडला छोटा एल देऊन अकाउंट लॉक केलं, तिकीट बंद. लॉक काय झालं? फक्त पासवर्ड. त्याची एसएसएच की (पासवर्डशिवाय दुरून आत यायची डिजिटल किल्ली) जागेवरच असते आणि गडी रात्री घरून आरामात आत येऊ शकतो. खरंच बंद करायचं तर चेज कमांडला कॅपिटल ई आणि शून्य देऊन अकाउंटची मुदतच संपवावी लागते. हेही मॅन पेजमध्ये आहे म्हणे. असणारच! अरे, पण लॉक करताना एक ओळ छापायला काय जातं तुमचं? 'की अजून चालू आहे', बस, एवढंच छापा.