‘लाज वाटली की सुटतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज माझ्या फोनवर चार ग्रुपांमधून आला: सासरच्या, माहेरच्या, सोसायटीच्या आणि मुलाच्या वर्गातल्या पालकांच्या. मथळा असा की ‘अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाला ७ दिवसांत सुधारा’. खाली सहा कलमं. पाच वर्षांनंतर असं होणं म्हणजे आळस आणि फाजील लाड. संध्याकाळी पाचनंतर पाण्याचा थेंब द्यायचा नाही. रात्री बाराला आणि तीनला उठवून शू करवायची. ओली चादर त्यालाच धुवायला लावायची आणि चार माणसांसमोर बोलायचं, ‘लाज वाटली की सुटतं’. झोपताना काळे तीळ नि गूळ द्यायचा, शिवाय जंताचं औषध. आणि डॉक्टरकडे न्यायचं नाही, ते सवय लागणाऱ्या गोळ्या देतात.

माझा मुलगा साडेसात वर्षांचा आहे. आठवड्यातल्या दोन-तीन रात्री त्याचं अंथरूण अजून ओलं होतं. यातली काही कलमं मी स्वतः पाळून झाली आहेत, तेव्हा हा मेसेज कुणी लिहिलेला नव्हता, घरातल्या आणि शेजारच्या बायकांच्या तोंडी होता. म्हणून एकेका कलमाला उत्तर देते आहे.

आधी तो आळस. आळस करायला माणूस जागा असावा लागतो. हे मूल गाढ झोपलेलं असतं. रात्र कोरडी जायची तर शरीरात तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. रात्री मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन जास्त सुटतं आणि त्यामुळे मूत्रपिंडं दिवसापेक्षा कमी लघवी तयार करतात. लघवीची पिशवी ती सकाळपर्यंत धरून ठेवेल एवढी मोठी आणि शांत असावी लागते. आणि पिशवी भरलीच तर झोपेतल्या मेंदूला ती खूण कळून जाग यावी लागते. कुणाचं यातलं एक मागे राहतं, कुणाची दोन. दात जसे कुणाचे सहाव्या वर्षी पडतात, कुणाचे आठव्या, तसंच हे.

हे मला पटलं ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं होतं, दोन-तीन रात्री डायपर घाला, घालण्याआधी वजन करा आणि सकाळी काढल्यावर करा. जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर लघवी. त्यात सकाळची पहिली लघवी मोजून मिळवायची. पिठाच्या डब्याशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी ते डायपर काट्यावर ठेवलं, आकडा २३० ग्रॅमने वाढला होता. सकाळची लघवी १२० मिलिलिटर भरली. एकूण ३५०. या वयाच्या मुलाच्या पिशवीत साधारण किती मावावं याचा एक सोपा हिशेब डॉक्टर वापरतात: वयाच्या पूर्ण वर्षांत एक मिळवायचा आणि ३० ने गुणायचं. सात अधिक एक, आठ गुणिले तीस, म्हणजे २४०. पेला २४० चा आणि ओतलं जातंय ३५०. लाड कमी करून ते कसं मावणार होतं?

हे असं किती मुलांचं असतं, तेही मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसावं. पाचव्या वर्षी शंभरातल्या साधारण पंधरा मुलांचं. सातव्या वर्षी दहाच्या आसपास, दहाव्या वर्षी पाच, आणि पंधराव्या वर्षीही एखाद-दुसरं. मुलग्यांत प्रमाण मुलींच्या जवळपास दुप्पट. म्हणजे दुसरीतल्या चाळीस मुलांच्या वर्गात तीन-चार जण असतात, आणि प्रत्येकाला वाटत असतं की आपण एकटेच. आजार म्हणून याची व्याख्याच मुळी पाच वर्षं पूर्ण झाल्यावर सुरू होते. त्याआधीच्या मुलाबद्दल तर बोलायलाच नको. आणि हे काही आजकालच्या लाडांनी किंवा डायपरांनी आणलेलं नाही. शार्ङ्गधरसंहितेतल्या बालरोगांमध्ये शय्यामूत्र आहे, तेव्हा कुठले आले डायपर?

घराण्याचा भाग तर फार मोठा. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हे असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात चव्वेचाळीसच्या आसपास, दोघांना असेल तर सत्याहत्तर. डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी ‘आमच्याकडे कुणाला नाही’ असं ठामपणे सांगितलं. शेजारच्या खुर्चीत माझा नवरा खाली बघत होता. मग म्हणाला, ‘मला होतं. अकरा वर्षांचा होईपर्यंत.’ आमच्या लग्नाला तेव्हा दहा वर्षं झाली होती. घरी आल्यावर सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘अगं, त्याला पाटावर बसवून ओवाळून झालं, अंगारे झाले, त्याच्या बापाने एकदा पट्ट्यानं मारलंन्. शेवटी आपोआप थांबलं.’ एवढं बोलून त्या बराच वेळ गप्प बसल्या. तोच माणूस गेलं वर्षभर मुलाच्या ओल्या चादरी काही न बोलता बदलत होता, आणि मला त्यामागचं कारण माहीत नव्हतं.

म्हणून चौथं कलम मी क्रम मोडून इथेच घेते. लाज.

मागच्या मे महिन्यात पाहुणे आले असताना मी जावेशी बोलता बोलता म्हणून गेले, ‘याची अजून रोज गादी वाळत घालावी लागते.’ सहज. तो तिथेच खेळत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मला जाग आली तर हा पलंगाच्या कडेवर बसलेला. ओल्या जागेवर आंघोळीचा टॉवेल नीट चारी कोपरे ओढून पसरलेला, अंगात शाळेची चड्डी, कारण कपाटातली तीच त्याला अंधारात सापडली. सुट्टी होती, शाळा नव्हती. कधीपासून बसला होता ते त्याने सांगितलं नाही. आणि त्या वर्षी मामाकडे जायला त्याने नकार दिला. दरवर्षी तो मार्चपासून दिवस मोजतो.

लाज वाटली होती, भरपूर वाटली होती. गादी त्या रात्रीही ओली झाली आणि पुढच्याही. लाजेने व्हॅसोप्रेसिन वाढत नाही, पिशवी मोठी होत नाही. मूल फक्त लपवायला शिकतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१० मध्ये या विषयावर डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात स्वच्छ लिहिलं आहे की हा मुलाचा दोष नाही आणि शिक्षा करू नये. बक्षीससुद्धा कोरड्या रात्रीसाठी द्यायचं नाही, कारण ती त्याच्या हातात नसते. दिवसा नीट पाणी प्यायलास, झोपताना आठवणीने शू करून आलास, त्यासाठी कॅलेंडरवर चांदणी लावायची. चादर मशीनपर्यंत आणायला मुलाने मदत करावी, जरूर करावी, जसा तो स्वतःचा डबा घासायला ठेवतो तशी. शिक्षा म्हणून धुवायला लावणं आणि हे, यातला फरक सात वर्षांच्या मुलाला बरोबर कळतो. आमच्या गच्चीवर गादी वाळायची तेव्हा ओला भाग रस्त्याकडे असायचा. आता मेणकापड घातलं आहे, वरून दोन चादरी, मध्ये आणखी एक मेणकापड. रात्री वरची जोडी काढली की खाली कोरडं अंथरूण तयार. दोन मिनिटांत सगळे परत झोपतात आणि गादी गच्चीवर जातच नाही.

दुसरं कलम पाण्याचं. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, म्हणून जास्त घातक. आमच्या मुलाची शाळेची बाटली संध्याकाळी जशीच्या तशी भरलेली परत यायची. शाळेतलं स्वच्छतागृह घाण असतं म्हणून तो जायचं टाळायचा, आणि जावं लागू नये म्हणून पाणी प्यायचं टाळायचा. सहाला घरी आला की दोन-तीन पेले घटाघट. हे एका मुलाचं नाही, कुठल्याही पालकाने घरी आलेली बाटली हलवून बघावी. केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये पाणी प्यायची वेगळी घंटा सुरू केली, ती उगाच नव्हे. दिवसभर कमी पाणी मिळालं तर पिशवीला भरून राहायची सवयच होत नाही, आणि पोटही साफ होत नाही. तेव्हा पाणी तोडायचं नाही, वेळा हलवायच्या. बरंचसं सकाळी आणि दुपारी, संध्याकाळी थोडं, जेवताना लागेल तेवढं. चहा, कॉफी, कोला मात्र संध्याकाळी नको. झोपायच्या तोंडावरचा दुधाचा मोठा पेला लवकर द्यावा. तहानलेल्या मुलाला पाणी नाकारायचं नाही. याचं आणखी एक कारण आहे, ते शेवटी सांगते.

तिसरं कलम आम्ही दोन महिने केलं. गजर लावून उठायचं, त्याला उचलून मोरीत न्यायचं. तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपेतच शू करायचा, सकाळी काही आठवायचं नाही. विचार करा, आपण त्याला काय शिकवत होतो? झोपेतच लघवी करायला. जागं होण्याचं काम आईच्या गजराने केलं, मुलाच्या पिशवीने नाही. नाइसच्या मार्गदर्शिकेचंही म्हणणं हेच की असं उठवण्याने कायमचा कोरडेपणा येत नाही. प्रवासात, पाहुण्यांकडे एखादी रात्र निभवायला ठीक आहे. ‘आठवड्यात सवय लागते’ हे खोटं आहे, आणि दोन महिन्यांत सवय लागली ती फक्त माझ्या डोकेदुखीची.

तीळ-गुळाने नुकसान नाही, हिवाळ्यात खावेतच. अंथरूण त्याने कोरडं होतं याला आधार नाही. जंताची गोळी सरकारी मोहिमेत शाळेत मिळते ती घ्यावी. सुतासारख्या बारीक जंतांनी गुदाजवळ खाज सुटते, झोप मोडते, आणि क्वचित एखाद्या मुलाला त्याने हा त्रास होतोही. पण बहुतेकांच्या ओल्या अंथरुणामागे जंत नसतात.

राहिलं सहावं, डॉक्टरांचं. आमच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत एकही गोळी दिली नाही. पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, ‘शी रोज होते का? कडक होते का?’ होत नव्हती, दोन-तीन दिवसांनी व्हायची. साठलेल्या शीचा गोळा लघवीच्या पिशवीला शेजारून दाबतो, तिची जागा खातो. तीन महिने पोट मऊ राहील असं औषध, जेवणानंतर दहा मिनिटं पाय टेकतील असं स्टूल ठेवून बसणं, बाटली दुपारपर्यंत अर्धी संपवणं. एवढ्यावर रोजचं अंथरूण दोन-तीन रात्रींवर आलं.

सहा-सात वर्षांनंतरही त्रास चालू असेल आणि मुलालाच तो नको असेल, तर दोन खरे उपाय आहेत. एक अलार्म. चड्डीत ओल कळणारा छोटा तुकडा आणि खांद्याला घंटा, थेंब पडला की वाजते. १९०४ मध्ये फाउंडलर नावाच्या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने असं यंत्र वॉर्डातल्या नर्सला कळावं म्हणून लावलं आणि पाहिलं तर मुलंच कोरडी राहू लागली. सुरुवातीला मूल घंटेने उठत नाही, आई-बापच उठतात आणि त्याला पूर्ण जागं करून नेतात. सलग १४ रात्री कोरड्या जाईपर्यंत नेटाने चालवायचं, दोन-तीन महिने लागतात. साधारण दोन तृतीयांश मुलांना गुण येतो. दुसरा डेस्मोप्रेसिन, म्हणजे त्या रात्रीच्या हार्मोनसारखं काम करणारं औषध. त्याची सवय लागत नाही. शिबिर, लग्न, सहल अशा रात्रींसाठीही देतात. पण गोळीच्या आधी एक तास आणि नंतर आठ तास पाणी अगदी घोटभरच प्यायचं असतं, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. म्हणून हे औषध शेजारणीच्या सांगण्यावरून दुकानातून आणायचं नाही. काहीच केलं नाही तरी दरवर्षी अशा शंभरातल्या पंधरा मुलांचं आपोआप थांबतं, त्यामुळे थांबून बघणं हाही निर्णय असू शकतो, मुलाला विचारून घेतलेला.

मात्र काही मुलांच्या बाबतीत थांबायचं नसतं. दिवसाही चड्डी ओली होते, लघवीला जळजळ होते किंवा ताप येतो, धार बारीक आहे किंवा सारखं ठिबकतं, मूल रात्री जोरात घोरतं, चालताना पायात जोर वाटत नाही: या मुलांना याच आठवड्यात दाखवा. आणि सहा महिने किंवा जास्त कोरडं राहिलेलं मूल अचानक पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं तर आधी घरात, शाळेत काय बदललं ते पाहा. नवं भावंड, नवी शाळा, कुणाची मारहाण.

त्याच मुलाला सारखी तहान लागत असेल, ते उठून उठून पाणी पीत असेल, खाऊनही वजन उतरत असेल, तर तो टाइप १ मधुमेह असू शकतो. तो लहान मुलांनाही होतो आणि पुन्हा ओलं होऊ लागलेलं अंथरूण ही कधीकधी त्याची पहिली खूण असते. पाचनंतर पाणी तोडायचं हे कलम अशाच मुलावर सगळ्यात आधी लावलं जाईल, कारण तेच सारखं पाणी मागत असेल. त्याचं पाणी तोडू नका. त्याच दिवशी, संध्याकाळ असली तरी, जवळच्या दवाखान्यात नेऊन साखर तपासा. बोटाला एक टोचणी लागते.