‘थेंब घालूनही नंबर वाढलाच’ म्हणणाऱ्या आजोबांना

नमस्कार काका,

मुलांच्या मायनस नंबरावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, रागाने लिहिलंत. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमच्या नऊ वर्षांच्या नातवाला वर्षभर रोज रात्री ०.०१ टक्के ॲट्रोपिनचा (मायनस नंबरची वाढ संथ करण्यासाठी देतात त्या औषधाचा) थेंब घातला, तरी नंबर सव्वादोनवरून पावणेतीन झाला. म्हणजे थेंब म्हणजे नुसतं केमिकल, हा सगळा धंदा आहे आणि माझ्यासारखे लोक चष्मेवाल्यांचे दलाल. पूर्ण नंबरचा चष्मा दिला की डोळा आळशी होतो, म्हणून नंबर थोडा कमीच द्यावा. तुमच्या लहानपणी वर्गात कुणालाच चष्मा नव्हता, तुम्ही गाजरं खायचात, सकाळी उगवत्या सूर्याकडे टक लावून बघायचात. आणि आता मोबाइल काढून घेतला की प्रश्न मिटला. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंत की धाकटी नात पाच वर्षांची आहे, तिला देवाच्या कृपेने अजून काही नाही.

दलालीचं आधी उरकते. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी आहे, पगारावर काम करते, काच किंवा थेंब विकले तर मला त्यातून दमडी मिळत नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पुढचे आकडे मात्र माझे नाहीत.

आता थेंब. तुमचा संशय अगदीच हवेतला नाही. या उपायाचा बोलबाला सिंगापूरमुळे झाला. तिथे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४०० मुलांपैकी निम्म्यांना १ टक्का ॲट्रोपिन दिलं आणि दोन वर्षांत नंबर वाढण्याचं प्रमाण ७७ टक्क्यांनी घटलं. पण बाहुली मोठीच राहायची, उन्हात डोळे दिपायचे, जवळचं वाचता येईना. शिवाय थेंब बंद केल्यावर नंबर पुन्हा झपाट्याने धावला. मग त्याच गटाने ताकद कमी करत करत ०.०१ पर्यंत आणली. त्रास जवळजवळ नाही, बंद केल्यावर उसळीही कमी, त्यामुळे जगभर तीच बाटली लिहून दिली जाऊ लागली.

गाडी अडली ती पुढे. हाँगकाँगमध्ये ४ ते १२ वर्षांच्या ४३८ मुलांवर तीन ताकदी आणि औषध नसलेला थेंब असे चार गट करून पाहिले. २०१९ मध्ये आलेल्या निकालात एका वर्षात औषधाविना नंबर सरासरी ०.८१ ने वाढला, ०.०१ वाल्यांचा ०.५९ ने आणि ०.०५ वाल्यांचा फक्त ०.२७ ने. अमेरिकेतल्या २०२३ च्या अभ्यासात तर ०.०१ आणि नुसता थेंब यांत फरकच दिसला नाही. आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीत ०.०१ घेणाऱ्या मुलांचा नंबर वर्षभरात सरासरी ०.१६ ने वाढला, न घेणाऱ्यांचा ०.३५ ने. ऐकायला छान वाटतं, पण डोळ्याच्या लांबीत म्हणावा तसा फरक तिथेही सापडला नाही.

आणि खरी मेख लांबीतच आहे. मायनस नंबर म्हणजे बहुतेक मुलांत डोळ्याचा गोळा पुढून मागे गरजेपेक्षा लांब झालेला असतो. लांबी साधारण एक मिलिमीटर जास्त झाली की अडीच-तीन नंबर चढतो. मुलाची वाढलेली उंची जशी परत कमी होत नाही, तशी ही लांबीही नाही. त्यामुळे कोणत्याही थेंबाने, काचेने, व्यायामाने नातवाचा पावणेतीन पुन्हा सव्वादोन होणार नाही. तसं कुणी सांगितलं असेल तर त्याने तुम्हाला फसवलं. वाढ संथ करणं एवढंच आपल्या हातात आहे. आणि त्याने काय होतं? नंबर सहाच्या पुढे गेला की डोळ्यातला पडदा सरकणं, पडद्याच्या मध्यभागी झीज, काचबिंदू यांचा धोका चांगलाच वाढतो. म्हणून मोठा झाल्यावर मुलगा सहावर थांबतो की चारवर, याला किंमत आहे.

मग नातवाच्या बाबतीत थेंब लागू पडला की नाही? खरं सांगायचं तर एका मुलाकडे बघून हे कळत नाही, कारण थेंब न घालता त्याचा नंबर किती वाढला असता ते आपल्याला दिसत नाही. नवव्या वर्षी वर्षाला पाऊण-एक नंबर वाढणारी मुलंही असतात. दुसरी गोष्ट, दोन्ही वेळा नंबर कसा काढला? लहान मुलाचा नंबर तपासणीपुरता थेंब टाकून, डोळ्याची फोकस करायची ताकद तात्पुरती ढिली करूनच काढावा लागतो. एकदा थेंब टाकून आणि एकदा तसाच काढला असेल, तर अर्ध्या नंबराचा फरक त्यातच निघू शकतो. थेंब टाकूनही पाव नंबर इकडेतिकडे होतोच.

म्हणून लांबी मोजायची. ती मोजायच्या मशीनवर मूल हनुवटी टेकतं, आतल्या दिव्याकडे बघतं, डोळ्याला काहीही लागत नाही, आणि काही सेकंदांत कागद बाहेर येतो. त्यावर उजवा-डावा असे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ २४.३१ आणि २४.२६. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. नंबर सांगताना मूल अंदाजाने अक्षरं वाचतं, कंटाळतं, मागच्या ओळीतलं पाठ म्हणतं. इथे त्याला काही बोलावंच लागत नाही. दर सहा महिन्यांनी हा कागद फाइलला लावा. आणि डॉक्टरांना सरळ विचारा: ताकद वाढवायची का, की सोबत वाढ संथ करणाऱ्या विशेष काचा द्यायच्या? रागाच्या भरात थेंब परस्पर बंद मात्र करू नका.

‘केमिकल’ म्हणालात म्हणून एक गंमत. ॲट्रोपिन मुळात धोत्र्याच्या कुळातलं. शेतात तण काढताना धोत्र्याचा चीक डोळ्यात गेला की एक बाहुली मोठी झालेला माणूस घाबराघुबरा होऊन दवाखान्यात येतो, तो याच द्रव्यांमुळे. यावरून कुणी घरगुती प्रयोग करू नये. झाडातून आलं म्हणून निरुपद्रवी, हा हिशेब इथे चालत नाही.

कमी नंबरचा चष्मा देण्याची कल्पना तुमची एकट्याची नाही. कित्येक चष्म्याच्या दुकानांत आजही ‘अर्धा कमी ठेवलाय, सवय होईल’ असं सांगतात. मलेशियात नेमकं हेच तपासलं. निम्म्या मुलांना पूर्ण नंबर, निम्म्यांना पाऊण नंबर कमी. २००२ साली आलेल्या निकालात कमी नंबर दिलेल्यांचाच नंबर दोन वर्षांत जास्त वाढला होता: एक पूर्ण, पूर्ण चष्मा घालणाऱ्यांचा ०.७७. तीन वर्षं चालवायचा तो अभ्यास दोन वर्षांतच थांबवावा लागला. तेव्हा नातवाला पूर्ण नंबर द्या आणि फळ्यावरचं स्वच्छ दिसू द्या.

गाजर खुशाल खाऊ द्या. त्याने ‘अ’ जीवनसत्त्व मिळतं, ते कमी पडलं तर रातांधळेपणा येतो. डोळ्याच्या लांबीशी त्याचं देणंघेणं नाही. पण सूर्याकडे टक लावून बघणं आजच्या आज बंद करा, उगवता असला तरी. पडद्याच्या मध्यभागी भाजतं, दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि तिथे पडलेला डाग कायमचा राहू शकतो. मायनस नंबर परवडला.

मोबाइलच्या बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे, पण सगळं खापर त्याच्यावर फोडू नका. तैवान, सिंगापूर, हाँगकाँगमध्ये चष्मे वाढले तेव्हा स्मार्टफोन नव्हतेच. अभ्यास, शिकवण्या आणि घरात कोंडलेलं बालपण एवढं पुरलं. तुमच्या वर्गात चष्मे कमी होते (काहींना फळा दिसत नव्हता आणि कुणी तपासलंच नाही, हेही असणार) त्याचं मोठं कारण तुम्ही दिवसभर बाहेर होतात. उजेडाचा फरक प्रचंड असतो: वर्गात तीनशे-पाचशे लक्स (उजेड मोजायचं एकक), बाहेर उन्हात दहा हजारांच्या पुढे. सावलीत किंवा पावसाळी ढगाखालीसुद्धा घरापेक्षा कितीतरी जास्त. या उजेडाने पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि ते डोळ्याची लांबी आवरतं, असं संशोधकांना वाटतं. मोबाइल काढून घेतला आणि मूल त्याच खोलीत स्कॉलरशिपचं पुस्तक घेऊन बसलं, तर डोळ्याच्या दृष्टीने फारसं काही बदललं नाही. गणिताच्या सरांनी पी.टी.चा तास मागून घेतला की पालक खूश होतात, तिथे मला खरी चीड येते.

विशेष काचा महाग आहेत हे मान्य. मधोमध साधा नंबर आणि भोवती मधाच्या पोळ्यासारखे बारीक ठिपके, ट्यूबलाइटसमोर तिरपी धरली की दिसतात. अशा एका काचेच्या हाँगकाँगमधल्या चाचणीत दोन वर्षांत नंबर ०.४१ ने वाढला, साध्या काचेत ०.८५ ने. पण चष्मा दिवसभर नाकावर हवा. वर्गात घालायचा आणि घरी आल्यावर दप्तरात, असं असेल तर पैसे घालवू नका. काच वर्षात फुटते, नंबर बदलतो, पुन्हा खर्च. साध्या काचांच्या कित्येक पट. ज्यांना जमत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये, पूर्ण नंबरचा साधा चष्मा आणि सहा महिन्यांची तपासणी चुकवू नये.

आणि धाकटी नात. तुमच्या प्रतिक्रियेत मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तिचंच वाटलं. बाहेरच्या उजेडाचा सगळ्यात भक्कम पुरावा चष्मा लागायच्या आधीच्या मुलांमध्ये आहे. एकदा नंबर लागला की तो फायदा पातळ होतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांमधली पहिलीची मुलं घेऊन, निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा मैदानाचा जादा तास ठेवला. २०१५ मध्ये आलेल्या निकालानुसार तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, उरलेल्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. तैवानने तर २०१० पासून रोज दोन तास बाहेर हा शाळांचा कार्यक्रमच केला.

‘तिला काही नाही’ हे फळ्यावरची अक्षरं वाचून ठरवलं असेल तर तपासणीचा थेंब टाकून एकदा बघून घ्या. या वयात डोळा थोडा प्लसमध्ये असायला हवा. सहाव्या वर्षी तो पाऊणपेक्षा कमी प्लस असेल, तर पुढे मायनस लागण्याची शक्यता जास्त. थोरल्या भावाला आहेच. आईवडिलांना असेल तर आणखी. तसं निघालं तर तिची लांबीही आत्ताच मोजून ठेवा, आणि पुढच्या वेळी त्याच मशीनवर. दुसऱ्या दवाखान्यातला आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका, मशीन बदललं की थोडाफार फरक पडतो. शाळेतून आल्यावर क्लासला बसवायच्या आधी तिला तुम्हीच खाली घेऊन जा. नातवालाही घ्या, चष्मा घालून.