उष्टावणाची तारीख आणि शेंगेनचा हिशेब

ठाण्याच्या तलावपाळीच्या कठड्यावर रविवारी सकाळी आम्ही बसतो तेव्हा विषय कधीच ठरलेला नसतो. परवा मात्र शिरीष विषय काखोटीला मारूनच आला. त्याच्या हातातल्या जाडजूड फाइलमध्ये बँकेचे उतारे, आयकराची विवरणपत्रे, रजेचे पत्र, प्रवासविमा आणि मुलीने नेदरलँड्समधल्या युट्रेक्टहून पाठवलेला, तिथल्या नगरपालिकेत सही साक्षांकित केलेला हमीचा फॉर्म असे सगळे होते. बेत सोळा रात्रींचा होता: पाच लेकीकडे, आठ स्वित्झर्लंडमध्ये आणि तीन पॅरिसमध्ये. हे तिन्ही देश शेंगेनमधले, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातले; तेव्हा अर्जही एकाच देशाकडे करायचा. अडचण एवढीच होती की नेदरलँड्सच्या व्हिसासाठी भेटीची वेळ पुढच्याच आठवड्यात मिळत होती आणि स्वित्झर्लंडसाठी ती त्याला सोयीच्या तारखांत मिळत नव्हती.

शिरीषची समजूत अशी होती की विमान ज्या देशात उतरते त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि त्याचे विमान ॲमस्टरडॅमला उतरणार असल्याने प्रश्न मिटलेला आहे. ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की मीही मान डोलावली होती. मेधाने, जी वीस वर्षे तिकिटांचा आणि व्हिसाचाच व्यवसाय करते, ती मोडून काढली. ती म्हणाली, "प्रवासाचे मुख्य ठिकाण ज्या देशात असेल त्याच्याकडे अर्ज करायचा, आणि ते मुक्कामाच्या दिवसांवरून किंवा प्रवासाच्या हेतूवरून ठरते. मुख्य ठिकाण ठरवताच येत नसेल, तरच पहिल्या प्रवेशाचा देश पाहायचा. तुझ्या आठ रात्री स्वित्झर्लंडमध्ये आहेत, तेव्हा ठरवता येत नाही असे तुला म्हणता येणार नाही."

"पण हेतू लेकीला भेटण्याचाच आहे ना?" असे म्हणून नानांनी शिरीषची बाजू उचलली. नाना राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे नियमातला 'किंवा' हा शब्द त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मेधाने तो मुद्दा नाकारला नाही. असा युक्तिवाद करता येतो, पण पाच रात्रींच्या हमीपत्राशेजारी आठ रात्रींची स्विस हॉटेले पाहिल्यावर डच अधिकारी काय ठरवील हे शिरीषच्या हातात राहणार नाही, आणि नकार आला तर माणशी 90 युरोंचे शुल्क परत मिळत नाही, एवढेच तिचे म्हणणे होते.

इथे सुहासने आपला तोडगा मांडला. कागदावर लेकीकडच्या रात्री आठ दाखवायच्या, स्वित्झर्लंडच्या पाच, त्याही फुकट रद्द करता येतील अशा हॉटेलांत घ्यायच्या, आणि व्हिसाचा शिक्का पडला की मूळ बेतावर परत यायचे. "अर्धे जग हेच करते," असे वर त्याने ऐकवले, आणि ते खोटे आहे असे म्हणण्याचे धाडस आमच्यापैकी कोणीच केले नाही. मेधाने मात्र शांतपणे सांगितले की व्हिसा म्हणजे प्रवेशाची खात्री नव्हे. हॉटेलची बुकिंगे, परतीचे तिकीट आणि खर्चापुरते पैसे यांची विचारणा विमानतळावरचा अधिकारी पुन्हा करू शकतो, आणि खोटा बेत देऊन मिळवलेला व्हिसा रद्दही होऊ शकतो. शिवाय एप्रिल 2024 मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी ठरवले आहे की मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, अनेक वेळा प्रवेशाचा, मिळू शकतो. शिरीषचा हा दुसरा व्हिसा. "आठ दिवसांच्या स्वित्झर्लंडसाठी तू तो घालवणार आहेस का?" या तिच्या प्रश्नावर शिरीषने फाइल मिटली.

सुहास हरल्यावर नेहमी तत्त्वावर येतो, तसा तो आला. युरोपातला माणूस घरबसल्या ई-व्हिसा काढून गोव्याला येतो. आपण मात्र बँकेतली शिल्लक, विवरणपत्रे आणि मालकाची चिठ्ठी दाखवायची, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा काढायचा, बोटांचे ठसे द्यायचे, आणि तरीही आपण परत येऊ यावर त्यांचा विश्वास नाही, हा अपमान आहे, असे त्याचे म्हणणे. नाना म्हणाले, "कर्ज मागायला येणाऱ्याकडे आम्हीही कागद मागतच होतो की." त्यावर सुहास उत्तरला, "नाना, तुम्ही कागद मागितलेत लहानांकडे आणि कर्ज बुडवले मोठ्यांनी." या उत्तरावर नानांनी चहाचा घोट घेतला. सुहासचे हे म्हणणे मला पटते; त्या अपमानावरचा त्याचा खोट्या बुकिंगचा उपाय पटत नाही, कारण संशय खरा ठरवून संशयाचा निषेध होत नसतो.

खरी गंमत त्यानंतर झाली. नानांनी सहज सांगितले की सौभाग्यवती जानेवारीत म्युनिकला मुलाकडे बाळंतपणासाठी गेल्या होत्या, 30 मार्चला परतल्या, आणि त्यांचा व्हिसा दोन वर्षांचा असल्यामुळे 1 जूनला महिनाभरासाठी पुन्हा जाणार आहेत. मेधाने कप खाली ठेवला आणि जानेवारीतली तारीख विचारली. ती 10 होती. म्हणजे येण्याचा आणि निघण्याचा दिवस धरून 80 दिवस झाले. नानांची समजूत अशी, की एकदा भारतात परतले की हिशेब शून्यावर येतो, किंवा फार तर वर्षाच्या दोन सहामाह्या असतात आणि प्रत्येकीत 90 दिवस मिळतात.

तसे नाही. शेंगेन देशांतल्या प्रत्येक दिवशी मागे वळून, तो दिवस धरून, 180 दिवस मोजायचे आणि त्यांतले मुक्कामाचे दिवस 90 पेक्षा जास्त भरता कामा नयेत. व्हिसा दोन वर्षांचा असला तरी हे बंधन सुटत नाही. मेधाने वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडले. 1 जूनला मागचे 80 च्या 80 दिवस हिशेबात येतात, उरतात दहा. म्हणजे वहिनींना 10 जूनपर्यंत बाहेर पडावे लागेल. जानेवारीतला पहिला दिवस हिशेबातून गळतो तो थेट 9 जुलैला, आणि तिथून रोज एक जुना दिवस गळत जातो. म्हणून त्या 29 जूनला पोहोचल्या, तर 8 जुलैला बरोबर 90 भरतात, आणि दुसऱ्या दिवसापासून जेवढा नवा दिवस चढतो तेवढाच जुना उतरतो. महिनाभर निर्धास्त राहता येते. चार आठवडे उशिरा निघाल्याने दहा दिवसांचा मुक्काम महिन्याचा होतो, हे पटायला नानांसारख्या बँकवाल्यालाही तो हिशेब तीनदा करावा लागला.

"शिक्के कोण मोजत बसतो?" असे सुहासने विचारलेच. 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमांवर नवी नोंदव्यवस्था टप्प्याटप्प्याने सुरू झाली असून, तीत पारपत्रावरच्या शिक्क्याऐवजी चेहरा, बोटांचे ठसे आणि येण्याजाण्याच्या तारखा संगणकात जातात. दिवस आता तोच मोजतो, असे मेधाने सांगितल्यावर सुहासने युरोपचा नाद सोडून थायलंडची बाजू घेतली, कारण मागच्या खेपेला त्याला तिथे व्हिसाच लागला नव्हता. ही माफी 2023 च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली तेव्हा 30 दिवसांची होती आणि जुलै 2024 मध्ये 60 दिवसांची झाली, म्हणजे अशा सवलती सरकारी निर्णयाने बदलत राहतात आणि तिकीट काढण्याआधी त्या पुन्हा तपासाव्या लागतात. मे 2025 पासून तिथे उतरण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरावे लागते. ते फुकट असते, आणि त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळावर सुहासने मागच्या खेपेला पैसे भरले होते, हे त्याने कसेबसे कबूल केले.

नाना मात्र अजून वर्तमानपत्राच्या कडेवरच होते. नातू फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातला, सहावा महिना लागतो जुलैत, आणि मुलाचे उष्टावण सम महिन्यात करायचे असते. तेव्हा 29 जून ही तारीख शेंगेनच्या नियमाला आणि घरच्या रीतीला एकाच वेळी मानवत होती. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला आणि तिकीट पुढे ढकलण्याचा दंड किती पडेल हे वहिनींनी विचारल्यावर फोन मेधाकडे दिला.

शिरीषने तोपर्यंत पेन मागून घेऊन फाइलवर नवे आकडे लिहिले होते: लेकीकडे आठ, स्वित्झर्लंड पाच, पॅरिस तीन. या वेळी ते खरे होते. स्वित्झर्लंडमधले युंगफ्राऊचे शिखर त्यात बसते की नाही, हे त्याला अजून घरी जाऊन विचारायचे होते.