'नात ओ दाग' हे तेराव्या शतकातलं आडनाव नव्हे

स्वीडनमधलं 'नात ओ दाग', म्हणजे 'रात्र आणि दिवस', हे सरदार घराणं तेराव्या शतकापासून हेच आडनाव लावत आलंय, असं वंशावळींच्या संकेतस्थळांवरून सहज पसरतं. घराणं तेवढं जुनं आहे. आडनाव नाही.

घराण्याचा ज्ञात मूळपुरुष नील्स सिग्रिद्सोन. म्हणजे सिग्रिदचा मुलगा. तेव्हा आडनावाच्या जागी सहसा बापाचं नाव लागे, इथे तर बापाऐवजी आईचं नाव लागलंय. १४३६ मध्ये बंडाचा नेता एंगेलब्रेक्त याला येल्मारेन सरोवरातल्या बेटावर ज्याने मारलं, तो समकालीनांसाठी मोन्स बेंग्त्सोन, बेंग्तचा मुलगा, एवढाच होता. एकाच नावाची माणसं वेगळी ओळखता यावीत म्हणून घराण्याचं नाव अभ्यासकांनी मागाहून कंसात जोडलं. सोय चांगली आहे, पण ते कंसातच राहायला हवं. कंस गळला की वाचणाऱ्याला ते त्या माणसाचंच आडनाव वाटतं.

अर्थही पूर्वजाच्या पराक्रमात किंवा स्वभावात शोधू नये. घराण्याच्या कुलचिन्हातली ढाल आडवी दुभागलेली आहे, वर सोनेरी, खाली निळी. नाव त्या रंगांवरून आलं. पण जुन्या पत्रांवरच्या मेणाच्या मुद्रेत रंग उमटत नाही, दिसते ती फक्त मधली रेघ. सोन्यासाठी ठिपके, निळ्यासाठी आडव्या रेघा ही खूण सतराव्या शतकात रुळली, त्यामुळे नुसत्या दुभागलेल्या मुद्रेवरून घराणं ठरवणं धोक्याचं.

राजाच्या जागी स्वीडनचा कारभार पाहणारे 'स्टूरे राज्यपालक वेगळ्या कुळातले', असंही म्हटलं जातं; ते अर्धंच खरं. थोरला स्टेन स्टूरे वेगळा होता. पण १५१२ ते १५२० राज्य सांभाळणारा धाकटा स्टेन बापाकडून याच घराण्यातला; त्याचे आजोबा नील्स बोसोन यांनी स्टूरे हे नाव आपल्या आईकडून घेतलं होतं. इथेच बहुतेक वंशवृक्ष घसरतात.

पडताळायचं असेल तर स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या मध्ययुगीन पत्रांच्या सूचीत आडनाव टाकू नका. माणसाचं नाव, बापाचं नाव आणि जहागिरीचं गाव टाका, मग मुद्रेचं वर्णन जुळवा. लॅटिन पत्रांत मोन्सचा माग्नुस आणि बेंग्तचा बेनेडिक्तुस होतो, म्हणून दोन्ही रूपांनी शोधा.