‘देव बघून घेईल’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

आमच्या मावशीची भिशी बुडाली. एकट्या तिची नाही, सोलापूरच्या विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, तिच्या ओळखीच्या बऱ्याच बायकांची. विड्या वळून मिळालेल्या मजुरीतून दर आठवड्याला बाजूला काढलेले पैसे. बुडवणारा माणूस रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो. प्रार्थनाही छान करतो.

तेव्हापासून जो येतो तो एकच ऐकवून जातो, "जाऊ द्या मावशी, देव बघून घेईल." मला या वाक्याचा वीट आलाय. म्हणणाऱ्याला चहा पिऊन मोकळ्या मनानं घरी जाता येतं, एवढाच त्याचा उपयोग.

माझा देवावर भाव नाही असं समजू नका. आहे म्हणूनच लिहितेय. बायबलमधलं दावीदाचं बावन्नावं स्तोत्र कुठल्या प्रसंगातलं आहे ते आठवा. जिवावर उठलेल्या शौल राजापासून पळत दावीद नोब या याजकांच्या, म्हणजे पुरोहितांच्या गावी पोचतो. याजक अहीमलेख त्याला पवित्र भाकर देतो, दावीदानंच पूर्वी मारलेल्या गल्याथाची तलवार देतो. शौलाच्या गुराख्यांचा मुख्य दवेग तिथंच असतो. तो जाऊन राजाच्या कानाला लागतो. राजा म्हणतो, याजकांना मारा. त्याचे स्वतःचे शिपाई हात उचलत नाहीत. दवेग उचलतो. एका दिवसात ८५ याजक, मग गावातल्या बाया, तान्ही पोरं, गुरंढोरं. (राजाचा हुकूम, म्हणजे सगळं कायदेशीरच! १९३० चा मार्शल लॉ सोसलेल्या सोलापूरला हे वेगळं सांगायला नको.)

आता दावीद सुरुवात कुठून करतो बघा. थेट त्या माणसाला गाठतो. केलेल्या दुष्टाईचा तोरा काय मिरवतोस? तुझी जीभ वस्तरा आहे, तुझा भरवसा पैशावर आहे. हे सगळं तोंडावर बोलून झाल्यावर मग तो स्वतःकडं वळतो: मी देवाच्या घरातलं हिरवंगार जैतुनाचं झाड, माझा भाव त्याच्या दयेवर, कायमचा.

आणि हे म्हणायला त्याची परिस्थिती काही सुधारलेली नव्हती. शौल गादीवरच होता, दावीद रानोमाळ. दवेगाचं पुढं काय झालं, ते तर बायबल सांगतसुद्धा नाही. कत्तलीतून वाचलेला अहीमलेखाचा मुलगा अब्याथार येतो तेव्हा दावीद त्याला "देवाची इच्छा" वगैरे ऐकवत नाही. तुझ्या घरच्यांच्या मरणाला मी कारण झालो, म्हणतो. माझ्याजवळ राहा, भिऊ नको. देवाची दया माणसापर्यंत पोचते ती बहुतेक अशीच, कुणाच्या तरी घरात जागा मिळून.

मावशीचा पोरगा त्या माणसाला बडवायला निघाला होता. मावशी दारातच आडवी झाली. "तू आत गेलास तर माझं कोण बघंल रं?" मग तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या बोटांनी तिनं पत्र्याच्या पेटीतून हप्त्यांची वही काढली, डोळे मिटून प्रार्थना केली आणि शेजारणींना हाका मारायला गेली.

बुधवारी पोलिसांत अर्ज द्यायचाय. निम्म्या बायकांच्या वह्या तेलुगूत आहेत, त्या मराठीत उतरवून द्यायला दोन्ही भाषा येणारं कुणीतरी हवंय. दिवसा सगळ्यांचे हात सुपात असतात, तेव्हा संध्याकाळी सातनंतर या. "देव बघून घेईल" म्हणून गेलेल्यांनीही या. चहा आहेच.