पाटे काढले म्हणजे गाडी ‘लो’ होत नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या टेम्पोवाल्यांच्या आणि गाड्यांच्या वेडाने झपाटलेल्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो आतापर्यंत चौघांनी पाठवला. त्याचा गोषवारा असा: छोटा हत्ती किंवा तसाच कुठलाही मिनी ट्रक घ्या, ती ‘लो’ म्हणजे जमिनीलगत आणायला मागच्या कमानींतले (लीफ स्प्रिंगमधले) दोन-दोन पाटे काढा, चेसिस म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा आड आला तर कापून वेल्ड करा. गाडी वळणावर पक्की बसते, मायलेज वाढते, वेल्डिंगचा जोड मूळ लोखंडापेक्षा मजबूत असतो आणि बॉडीला हात न लावल्यामुळे आरटीओचा प्रश्न येत नाही. सगळं काम एका दिवसाचं.

मी रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशन करतो. जमिनीला टेकणारे ट्रक मला मनापासून आवडतात. दोन बांधलेत, दोन्ही नोंदणी रद्द झालेल्या गाड्यांचे, प्रदर्शनात उभे करण्यासाठी. म्हणूनच या मेसेजला उत्तर द्यावंसं वाटलं.

‘दोन पाटे काढा.’ कमानीत पाच पाटे आणि सगळे सारख्या जाडीचे धरले, तर दोन काढल्यावर कमानीची ताकद तीन पंचमांश उरते. वजन तेवढंच राहतं आणि उरलेल्या प्रत्येक पाट्यावरचा ताण दीडपटीहून जास्त होतो. शिवाय या गाड्यांत पाटा नुसतं वजन पेलत नाही, मागच्या चाकांना जोडणाऱ्या अ‍ॅक्सलला जागेवर धरून ठेवण्याचं कामही तोच करतो. वाशीच्या एपीएमसी बाजारातून भाजी भरून निघालेली गाडी खड्ड्यात आदळली आणि मुख्य पाटा तुटला, तर अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी तिरकी धावू लागते. काही जण पाटा गॅस कटरने लाल करून वाकवतात. ते तर त्याहून वाईट. कमानीच्या पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा आणि लवचिकपणा, त्या क्षणी उतरतं. मग तो पाटा एक तर दबून सपाट होतो किंवा तडकतो.

ब्रेकबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही. अनेक मिनी ट्रकांना मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली असते. माल भरला की चेसिस खाली येते, दांडी हलते आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळतो. पाटे काढले की रिकाम्या गाडीतही व्हॉल्व्हला वाटतं माल भरलाय. कोपरखैरण्याचा एक मुलगा गेल्या पावसाळ्यात अशीच गाडी घेऊन आला होता. ठाणे-बेलापूर रस्त्यावर सिग्नलला ब्रेक मारला, मागची चाकं जाम झाली आणि रिकामी गाडी आडवी फिरली. नशीब, बाजूला रिक्षा नव्हती. काढलेले पाटे त्याच्या घरी पडून होते, ते मागवले. नवे सेंटर बोल्ट, नवे यू-बोल्ट टाकून बसवले आणि दांडीचं माप पुन्हा लावलं. त्याचे हेडलाइटही समोरच्याच्या डोळ्यांत जात होते, कारण मागची बाजू बसली की नाक वर होतं.

‘वळणावर पक्की बसते.’ गुरुत्वमध्य खाली गेला की गाडी उलटण्याचा धोका कमी होतो, हे खरं. पण पाटे काढून गाडी दोन इंच खाली येते आणि कमान मऊ होते, म्हणजे वळणावर ती आधीपेक्षा जास्त कलते. वर हौद्यात गोण्यांची थप्पी असते, तिचा गुरुत्वमध्य कोण खाली नेणार? घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुखच्या घाटात उतरताना हा फरक स्टीअरिंगमध्ये जाणवतो.

मायलेजचं थोडक्यात सांगतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे गाडी खाली आणल्याचा फायदा मिळालाच तर मोठ्या वेगाला. आपल्या गाड्या सिग्नल ते सिग्नल तीस-चाळीसच्या वेगाने रखडतात. तिथे डिझेल खातं ते वजन आणि थांबणं-निघणं.

आता चेसिसचं. यात मेसेजने सगळ्यात मोठी चूक केली आहे: चेसिसचं काम ‘आड आली तर’ करायचं नसतं, ते आधी येतं. गाडी खाली आणायची म्हणजे चाकाला वर यायला जागा करून द्यायची. बाकी सगळं काम त्यातून निघतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच असतो, आणि आपल्या गल्लीतले तर कुठलाच नियम पाळत नाहीत. अ‍ॅक्सलला वर जायला जागा नसेल तर तो चेसिसवर हातोड्यासारखा आदळतो.

हा छंद 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात छोट्या जपानी पिकअपवर वाढला, आणि तिथल्या कारागिरांनी उत्तर शोधलं ते चेसिसमध्ये. अ‍ॅक्सलच्या वर चेसिसला अर्धगोल खाच कापायची आणि ती आतून-बाहेरून जाड पत्र्याने बंद करायची, तिला सी-नॉच म्हणतात. त्याहून खाली जायचं तर मागचा अर्धा सांगाडाच नव्या चौकोनी पाइपचा बांधायचा. तिकडे दोन बाय चार इंची, साधारण पावणेपाच मिलिमीटर जाडीचा पाइप सर्रास वापरतात. पाटे जातात, त्यांच्या जागी हवेच्या पिशव्या येतात. पण पिशवी फक्त वजन उचलते, अ‍ॅक्सलला पुढे-मागे किंवा आडवं धरत नाही. म्हणून चार दांड्या लागतात, दोन खाली, दोन वर, आणि वरच्या तिरक्या लावल्या तर अ‍ॅक्सल आडवाही सरकत नाही. दांड्यांची लांबी चुकली की चाक वर-खाली होताना डिफरन्शिअलचं (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं) तोंड फिरतं आणि इंजिनची ताकद तिथवर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, खडखडायला लागतात. माझ्या पहिल्या ट्रकवर वरच्या दांड्यांचे ब्रॅकेट मी तीनदा तोडून लावले. महिना गेला, पण शाफ्टचा आवाज गेल्यावरच पुढे सरकलो.

‘जोड मूळ लोखंडापेक्षा मजबूत.’ वेल्डचा रन, म्हणजे जोडावरची वितळलेल्या धातूची ओळ, मजबूत असू शकतो. चेसिस तुटते ती रनच्या कडेला, जिथे उष्णतेने लोखंडाचा गुण बदललेला असतो. उभा सरळ काप घेऊन जोडलं तर सगळा ताण त्याच एका रेषेवर येतो. काप तिरका घ्यावा, कडा घासून उतार द्यावा, मुळापर्यंत वेल्ड जाऊ द्यावं आणि वर शंकरपाळ्याच्या आकाराची पट्टी लावावी, म्हणजे पट्टीची कुठलीच कड उभी येत नाही. आणखी एक गोष्ट. ट्रकची चेसिस उघड्या सी आकाराची असते ती थोडी पिळली जावी म्हणूनच. एक तुकडा चारी बाजूंनी बंद केलात की तो पीळ शेजारच्या तुकड्यात जातो आणि तिथे तडा सुरू होतो. वेल्ड थंड होताना लोखंड ओढतं, ते वेगळंच. मी ओळंबा सोडून चेसिसचे बिंदू फरशीवर खडूने उतरवतो आणि दोन्ही कर्ण मोजतो, टॅक (तात्पुरते टाके) मारल्यावर, अर्ध्या वेल्डनंतर आणि शेवटी. हे एका दिवसात होत नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पाइप आणण्यातच सकाळ जाते.

आणि आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं: परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्यात बॉडी आणि सस्पेन्शन असा फरक नाही. गाडीची ओळख असलेला नंबरही चेसिसवरच ठोकलेला असतो. तोच भाग कापलात तर नवी मुंबईची एमएच 43 ची पाटी कुठल्या गाडीची, हे कोण सांगणार? माझे दोन्ही ट्रक शेडपासून प्रदर्शनाच्या मैदानापर्यंत दुसऱ्या गाडीवर चढवूनच नेतो.